मागची बाजू आधी: ब्रिटनमधल्या जुन्या गावांच्या फोटोंचं साल, जागा आणि आठवणी कशा शोधायच्या

दगडी पूल, मागे चर्चचा मनोरा, रस्त्यात टोप्या घातलेली तीन मुलं आणि खाली एकच शब्द: व्हिटचर्च. अशा कार्डावर गावाचं नाव असतं, पण गाव कळत नाही. व्हिटचर्च श्रॉपशायरमध्ये आहे, हॅम्पशायरमध्ये आहे, बकिंगहॅमशायरमध्ये आहे, ब्रिस्टलजवळ आहे आणि कार्डिफमध्येही आहे. अॅशफर्डची तीच गत. एक केंटमध्ये, एक जुन्या मिडलसेक्समध्ये, एक डर्बीशायरमध्ये. म्हणून छापलेल्या नावावर विसंबून कामाला लागलं की पहिल्याच पायरीला घसरायला होतं.

या लेखातली पद्धत साधी आहे. प्रत्येक खुणेला विचारायचं: ही खूण फोटो कोणत्या सालाच्या आधीचा असूच शकत नाही असं सांगते, की कोणत्या सालाच्या नंतरचा असूच शकत नाही असं? पहिलीला खालची हद्द म्हणू, दुसरीला वरची. चार-पाच खुणा जमल्या की दोन हद्दींमधलं अंतर बहुतेक वेळा दहा वर्षांच्या आत येतं. कपड्यांवरून, 'वातावरणावरून' किंवा फोटोच्या पिवळेपणावरून साल ठोकून देणं मात्र टाळा. गावाकडची माणसं चांगला कोट वीस वर्षं वापरत, आणि पिवळेपणा बऱ्याचदा वयापेक्षा खराब धुलाईचा असतो.

आधी स्कॅन

हात धुऊन, कोरडे करून फोटो कडेला धरून उचला. चकचकीत फोटोसाठी नायट्राइलचे हातमोजे बरे. सुती मोज्यांत कागदाची फाटकी कड अडकते. १९७० च्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो घट्ट बसला असेल, तर दात साफ करायचा मेण नसलेला धागा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. धागा अडला की थांबा आणि सबंध पान तसंच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढू नका. तो काचेसकट स्कॅन होतो.

पोस्टकार्ड १४० गुणिले ८९ मिलिमीटरचं असतं. ते ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांना, स्कॅन केलं तर साधारण ३,३०० गुणिले २,१०० पिक्सेल मिळतात. छापील कार्डाला एवढं पुरतं. खऱ्या फोटोकागदावरचं कार्ड १२०० ला घ्या, कारण दुकानाच्या पाटीवरची अक्षरं तिथेच सुटी होतात. रंगीत मोड, टिफ फाइल, चारी कडांबाहेर पाचेक मिलिमीटर मोकळी जागा, आणि मागची बाजू न चुकता.

स्कॅनरमधलं 'धूळ काढा' आणि 'धार वाढवा' हे दोन्ही बंद ठेवा. धूळ काढणारं सॉफ्टवेअर तारेच्या खांबावरच्या तारा, छपरावरचे अँटेना आणि पाटीवरचे टिंब यांनाही धूळ समजतं, आणि साल ठरवायला नेमक्या त्याच गोष्टी लागतात. हल्लीची 'फोटो सुधारणारी' साधनं त्याहून घातक आहेत. ती पुसट पाटीवर नवीन अक्षरं रचतात आणि धूसर चेहऱ्याला दुसऱ्याच माणसाचे डोळे बसवतात. अशी प्रत भिंतीवर लावायला ठीक, पुरावा म्हणून ती बाद.

१९७० च्या सुमाराचे खरखरीत, जाळीदार पोताचे प्रिंट स्कॅन केले की पोताचे चमकणारे ठिपके दिसतात. त्यावर उपाय असा: एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करा, दुसरी प्रतिमा उलटी फिरवून पहिलीवर बसवा आणि दोन्हींची सरासरी घ्या. पोत बराच विरतो.

भिंगाखाली

दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. ओळीत मांडलेले ठिपके दिसले तर ती छपाई. ठिपके नसून सुरकुतल्यासारखा बारीक रवा दिसला तर कोलोटाइप, म्हणजे तीही छपाईच. काहीच रचना न दिसता छटा अखंड उतरत असेल तर तो खरा फोटो. त्याच्या गडद कडांवर तिरप्या उजेडात चांदीसारखी निळसर झाक आली असेल तर कागद जिलेटिनचा आहे, आणि ती झाक जुनेपणाची चांगली साक्ष आहे.

रंगीत छापील कार्डांतल्या रंगांना पुरावा मानू नका. पहिल्या महायुद्धाआधीची पुष्कळ कार्डं जर्मनीत छापून येत. छापणाऱ्यासमोर काळापांढरा फोटो असे. दारं हिरवी की लाल हे तो तिथे बसून ठरवी. प्रकाशक तारा खोडत, ढग चिकटवत, भर दुपारच्या फोटोला निळा रंग आणि चंद्र देऊन 'चांदण्यातला समुद्रकिनारा' विकत.

खोली अंधारी करून ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा झळाळला तर त्यात उजळपणा आणणारं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात १९५० च्या दशकापासून आलं. म्हणजे '१९१० चा मूळ फोटो' म्हणून हाती आलेलं कार्ड झळाळलं तर ती पुढची प्रत आहे. झळाळलं नाही म्हणून मात्र जुनं ठरत नाही.

मागची बाजू

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. ब्रिटनच्या टपाल खात्याने पहिली पोस्टकार्डं १ ऑक्टोबर १८७० ला काढली, पण त्यांवर चित्र नव्हतं. खाजगी कार्डावर तिकीट चिकटवून पाठवायची मुभा १ सप्टेंबर १८९४ पासून मिळाली. सुरुवातीची ही चित्रकार्डं आखूड, साधारण ११५ गुणिले ८९ मिलिमीटरची असत. आज ओळखीचा असलेला पूर्ण आकार १८९९ च्या अखेरीस आला. तेव्हाही मागच्या बाजूवर फक्त पत्ता लिहायचा आणि मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचा. १९०२ मध्ये ब्रिटनने मागच्या बाजूला मध्ये रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता अशी परवानगी दिली. त्यामुळे मागे रेघ असेल तर खालची हद्द १९०२. रेघेच्या डावीकडे 'ही जागा फक्त देशांतर्गत टपालासाठी मजकुराला वापरता येईल' अशा अर्थाची इंग्रजी सूचना छापलेली असेल तर कार्ड त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं, कारण इतर देशांनी रेघ अजून मान्य केली नव्हती.

मग तिकीट. देशांतर्गत पोस्टकार्डाचा दर १८७० पासून जून १९१८ पर्यंत अर्धा पेनीच राहिला. जून १९१८ ला तो एक पेनी झाला, जून १९२१ ला दीड, आणि लोक कुरकुरल्यावर मे १९२२ मध्ये पुन्हा एक. १ मे १९४० पासून दोन पेन्स, १९५७ पासून अडीच, १९६५ पासून तीन. १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान नाणी आली. दीड पेनीचं तिकीट लावलेलं देशातलं कार्ड म्हणजे जवळपास बिनचूक एका वर्षाची खिडकी. एक अपवाद ध्यानात ठेवा: दोन-चार शब्दांच्या शुभेच्छा असलेलं कार्ड छापील कागदाच्या स्वस्त दराने जाई, तेव्हा १९१८ नंतरही अर्ध्या पेनीचं तिकीट सापडू शकतं. न पाठवलेल्या कार्डावर तिकिटाच्या चौकोनात 'देशात अर्धा पेनी, परदेशी एक पेनी' असं छापलेलं असेल तर ते जून १९१८ च्या आधी छापलेलं.

तिकिटावरचं डोकंही बोलतं. सातव्या एडवर्डची तिकिटं १ जानेवारी १९०२ पासून, पाचव्या जॉर्जची २२ जून १९११ पासून, आठव्या एडवर्डची सप्टेंबर १९३६ पासून, सहाव्या जॉर्जची मे १९३७ पासून, दुसऱ्या एलिझाबेथची ५ डिसेंबर १९५२ पासून. एडवर्ड ६ मे १९१० ला वारला, तरी पुढे वर्षभर त्याचीच तिकिटं विकली जात होती. तेव्हा डोकं खालची हद्द देतं; वरच्या हद्दीसाठी त्यावर विसंबू नका.

शिक्का वाचताना क्रम लक्षात घ्या: वर वेळ, मध्ये महिना आणि दिवस, खाली सालाचे दोन आकडे. महिना दोन अक्षरांत असतो, आणि 'जे-यू' म्हणजे जून, 'जे-वाय' म्हणजे जुलै यांत हमखास गफलत होते. पुसट शिक्का असेल तर टॉर्च अगदी आडवी धरा. ठशाने दाबलेला कागद सावली टाकतो आणि शाई गेलेला आकडाही दिसतो.

एवढं करून हाती लागतं ते कार्ड पाठवल्याचं साल. फोटो त्याच्या आधीचा. किती आधीचा? दुकानदार जुना साठा दहा-पंधरा वर्षंही विकत, त्यामुळे शिक्का ही फक्त वरची हद्द.

प्रकाशकाचा क्रमांक

फ्रान्सिस फ्रिथने १८६० मध्ये सरे परगण्यातल्या रायगेटला कंपनी सुरू केली. तिच्या छायाचित्रकारांनी गावोगाव फिरून काचांवर फोटो घेतले आणि प्रत्येक काचेला क्रमांक दिला. जुन्या कार्डांवर नुसता वाढत जाणारा आकडा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कार्डांवर गावाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मग आकडा. कंपनी १९७१ मध्ये बंद पडली, संग्रह मात्र वाचला, आणि आज गावाच्या नावाने शोधला की फोटोबरोबर सालही मिळतं. डंडीच्या व्हॅलेंटाइन कंपनीचा संग्रह सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडे आहे. तिथेही क्रमांकावरून नोंदणीचं साल लावता येतं. हेस्टिंग्जच्या जजेस कंपनीची कार्डं १९०२ नंतरची, आणि तीही क्रमांकित.

क्रमांकाचं साल काचेचं असतं. १९०६ ची काच १९२२ मध्ये नव्या कागदावर छापून विकलेली सर्रास आढळते. कागद, काच आणि शिक्का यांची तीन वेगळी सालं निघाली तर चूक झाली असं समजू नका. तिन्ही लिहून ठेवा.

रस्त्यावर उभं असलेलं साल

आता चित्र. स्क्रीनवर ते सोळा चौकोनांत मनातल्या मनात कापा आणि एकेक चौकोन पाहा. नजर माणसांकडे धावते आणि पुरावा कोपऱ्यात राहून जातो.

पायाखालून सुरू करा. पांढरट, चाकांच्या चाकोऱ्यांचा रस्ता पहिल्या महायुद्धाआधीच्या खेड्यात नेहमीचा. डांबर खेड्यांत पोचायला १९२० चं दशक उजाडलं. पदपथाच्या कडेला आणि झाडांच्या बुंध्यांना पांढरे पट्टे असतील तर तो सप्टेंबर १९३९ पासूनचा दिवेबंदीचा काळ, किंवा त्यानंतरची दोन-चार वर्षं. चौकातला दिशादर्शक खांब गायब असेल तर १९४० ची आठवण ठेवा: शत्रू उतरला तर त्याला वाट कळू नये म्हणून पाट्या काढल्या होत्या. पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायच्या जागी असलेले नारिंगी गोळ्यांचे बेलिशा दिवे १९३४ पासून, रस्त्यावरचे झेब्रा पट्टे १९५१ पासून, आणि आजच्या घडणीच्या वाहतूक पाट्या १ जानेवारी १९६५ पासून.

टपालपेटीवरची राजाची मुद्रा पेटी बसवल्याचा काळ सांगते: व्ही-आर व्हिक्टोरियाची, नुसतं जी-आर पाचव्या जॉर्जचं, मध्ये रोमन सहा असेल तर सहाव्याचं. मुद्राच नसलेली उभी पेटी दिसली तर ती बहुधा १८७९ ते १८८७ मधली. त्या काळात मुद्रा घालायचंच राहून गेलं होतं. स्कॉटलंडमध्ये १९५३ नंतरच्या पेट्यांवर ई-दोन-आर नसतं, फक्त स्कॉटिश मुकुट असतो, कारण पहिली एलिझाबेथ स्कॉटलंडची राणी नव्हती. खेड्यातला नेहमीचा लाल टेलिफोन डबा म्हणजे 'के-सिक्स', तो १९३६ पासूनचा. त्याआधीचा १९२६ चा मोठा 'के-टू' मुख्यतः लंडनमध्येच राहिला.

युद्धस्मारकावर विशेष लक्ष द्या. जवळजवळ प्रत्येक गावात ते आहे आणि बहुतेक १९१९ ते १९२५ या काळात उभी राहिली. अनावरणाची तारीख इंपीरियल वॉर म्युझियमच्या स्मारक नोंदवहीत किंवा स्थानिक वर्तमानपत्रात मिळते. आज जिथे क्रूस उभा आहे तिथे फोटोत मोकळं गवत असेल, तर वरची हद्द एका दिवसापर्यंत नेमकी होते.

मोटारींना क्रमांकाची पाटी १ जानेवारी १९०४ पासून सक्तीची झाली. पहिली अक्षरं परगण्याची: डी केंट, पी सरे, आर डर्बीशायर, टी डेव्हन, ए-एफ कॉर्नवॉल, एफ-एक्स डॉर्सेट. व्हिटचर्चचा किंवा अॅशफर्डचा घोळ अशाच एका पाटीने सुटू शकतो; मात्र एकच गाडी असेल तर ती पाहुण्याचीही असेल, म्हणून दोन-तीन जुळायला हव्यात. पाटीच्या शेवटी सालाचं अक्षर १९६३ पासून लागू लागलं.

छपरांवर इंग्रजी एच आकाराचे मोठे अँटेना असतील तर तिथला टीव्ही मनोरा कधी सुरू झाला ते पाहा. लंडनजवळ १९३६, मिडलँड्समध्ये सटन कोल्डफील्ड १७ डिसेंबर १९४९, उत्तरेत होम मॉस ऑक्टोबर १९५१, स्कॉटलंडात कर्क ओ'शॉट्स मार्च १९५२, वेल्स आणि पश्चिमेत वेनव्हो ऑगस्ट १९५२. यॉर्कशायरच्या गल्लीत एच अँटेना दिसला की खालची हद्द १९५१ धरायला हरकत नाही. शेताच्या बांधावर एल्मची उंच, डेरेदार झाडं असतील तर वरची हद्द १९७० चं दशक. त्या दशकातल्या रोगाने ब्रिटनमधले कोट्यवधी एल्म गेले, आणि इंग्लंडच्या जुन्या फोटोंतलं आभाळ आजच्यापेक्षा वेगळं दिसण्याचं ते एक मोठं कारण आहे.

रेल्वे स्थानक असेल तर डब्यांवरची आद्याक्षरं पाहा. १ जानेवारी १९२३ ला अनेक कंपन्यांच्या चार मोठ्या झाल्या, १ जानेवारी १९४८ ला राष्ट्रीयीकरण झालं. तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करा असं सांगणारा बीचिंग यांचा अहवाल मार्च १९६३ चा. त्यानंतर गावोगावची स्थानकं बंद झाली, आणि प्रत्येक स्थानकाची बंद होण्याची तारीख शोधून सापडते. ट्रामचे रूळही असेच: लंडनची शेवटची जुनी ट्राम जुलै १९५२, शेफील्डची ऑक्टोबर १९६०, ग्लासगोची सप्टेंबर १९६२.

काही गावांना त्यांचं स्वतःचं घड्याळ आहे. डर्बीशायरमधलं डरवेंट हे गाव लेडीबोअर धरणाखाली गेलं. चर्चमधली शेवटची प्रार्थना मार्च १९४३ मध्ये झाली, १९४५ पर्यंत पाणी भरलं, आणि मनोरा तेवढा मुद्दाम उभा ठेवला होता. तो १५ डिसेंबर १९४७ ला सुरुंगाने पाडला. म्हणून पाण्यातून नुसता मनोरा वर आलेला फोटो १९४७ च्या पुढचा असूच शकत नाही. डॉर्सेटचं टाइनम आणि विल्टशायरचं इंबर ही गावं १९४३ च्या अखेरीस सैन्यासाठी रिकामी केली, ती परत वसलीच नाहीत; तिथे दारात बसलेली आजी दिसली तर ती त्याआधीची. कॉव्हेंट्रीत कॅथेड्रलचं छप्पर शाबूत असेल तर १४ नोव्हेंबर १९४० ची बॉम्बहल्ल्याची रात्र अजून यायची आहे.

रस्त्यातल्या मेजवानीचा फोटो

लांब टेबलं, पताका, कागदी टोप्या घातलेली मुलं. असे फोटो घरोघरी असतात आणि बहुतेकांमागे 'राज्याभिषेक' एवढंच लिहिलेलं असतं, तेही पुष्कळदा चुकीचं. निमित्तं बरीच होती: मे १९३५ चा रौप्यमहोत्सव, मे १९३७ चा राज्याभिषेक, मे १९४५ चा विजयदिन, जून १९५३ चा राज्याभिषेक, जून १९७७ चा रौप्यमहोत्सव.

खिडक्यांत लावलेली चित्रं मोठी करून पाहा. दाढीवाला राजा आणि उंच टोपीतली राणी म्हणजे पाचवा जॉर्ज आणि मेरी, १९३५. दाढी नसलेला राजा आणि शेजारी राणी, १९३७. एकटी तरुण राणी, १९५३. ब्रिटिश झेंड्याबरोबर अमेरिकन आणि सोव्हिएत झेंडे, पदपथाच्या कडांवर दिवेबंदीचे पुसट पट्टे आणि टेबलांभोवती तरुण पुरुष जवळजवळ नाहीतच, तर १९४५. दोन जून १९५३ ला हवा थंड आणि पावसाची होती. मुलं कोट घालून किंवा सभागृहात बसलेली असतील तर तेही जुळतं.

चर्च हेच होकायंत्र

इंग्लंडमधली जुनी चर्चं पूर्व-पश्चिम बांधलेली असतात. वेदी पूर्वेला, आणि मनोरा बहुधा पश्चिम टोकाला. त्यामुळे फोटोत चर्च दिसलं की दिशा कळल्या आणि सावल्यांवरून वेळ. सूर्य दुपारी दक्षिणेला असतो. लंडनच्या अक्षांशावर जूनच्या मध्यान्ही माणसाची सावली त्याच्या उंचीच्या निम्म्याहून किंचित जास्त असते, डिसेंबरच्या मध्यान्ही साडेतीन पटींहून लांब. चर्चच्या उत्तर भिंतीवर ऊन पडलं असेल तर उन्हाळ्यातली पहाट किंवा संध्याकाळ. तसं नसेल तर फोटो उलटा छापलेला आहे. उलटा छापल्याची शंका आली की पाट्यांची अक्षरं आणि पुरुषांच्या कोटाची गुंडी तपासा: डावी बाजू उजवीवर असायला हवी.

मनोऱ्यावरचं घड्याळ वाचता येत असेल तर आणखी एक कसोटी आहे. मनोऱ्याची सावली चर्चच्या लांबीला काटकोनात पडली आहे, म्हणजे सूर्य नेमका दक्षिणेला आहे, आणि घड्याळात एक वाजला आहे. याचा अर्थ उन्हाळी वेळ लागू आहे, आणि ती ब्रिटनमध्ये २१ मे १९१६ पासून सुरू झाली. अर्ध्या तासाचा फरक सोडून द्या, कारण कॉर्नवॉलमध्ये सूर्य लंडनपेक्षा वीसेक मिनिटं उशिरा दक्षिणेला येतो आणि चर्चंही दोरी लावून पूर्वेला बांधलेली नाहीत. पूर्ण तासाचा फरक मात्र ओळखता येतो.

छायाचित्रकार कुठे उभा होता

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे विनामूल्य पाहता येतात. त्यांतला २५ इंची, म्हणजे मैलाला २५ इंच दाखवणारा, नकाशा घ्या. त्यात प्रत्येक घराची कड काढलेली आहे. शेजारी आजचं उपग्रहचित्र ठेवायची सोय तिथेच आहे.

फोटोच्या डाव्या भागात अशी जोडी शोधा की जवळच्या घराचा कोपरा लांबच्या घराच्या धुराड्याला नेमका टेकलेला दिसतो. नकाशावर हे दोन बिंदू सापडले की त्यांतून सरळ रेघ ओढा आणि अलीकडे वाढवा. छायाचित्रकार त्या रेघेवर कुठेतरी आहे. उजव्या भागात अशीच दुसरी जोडी शोधा, दुसरी रेघ ओढा. रेघा छेदतात तिथे तिवई होती. दोन्ही जोड्या रस्त्याच्या एकाच बाजूच्या घेतल्या तर रेघा जवळजवळ समांतर जातात आणि छेदबिंदू भरकटतो. म्हणून जोड्या दूरदूरच्या हव्यात.

उंचीही काढता येते. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. जवळच्या आणि लांबच्या सगळ्या मोठ्या माणसांची डोकी त्या रेघेपाशी असतील तर कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांइतका उंच. सगळी डोकी रेघेच्या खाली असतील तर फोटो वरच्या मजल्याच्या खिडकीतून घेतलेला. मग समोरच्या खानावळीचं नाव नकाशात शोधा, बऱ्याचदा तीच खिडकी असते.

त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढायचा असेल तर जुन्या फोटोची ए-फोर प्रत बरोबर न्या आणि एखादा सोबती रहदारीकडे लक्ष द्यायला घ्या, कारण जुने छायाचित्रकार रस्त्याच्या मधोमध तिवई लावत. मोबाइल वर झुकवला की घरांच्या भिंती आत कलतात. तो सरळ उभा धरा आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापा.

दुकानाची पाटी ते माणसाचं नाव

पाटीवर मालकाचं नाव वाचता आलं तर केलीच्या व्यापारी निर्देशिका उघडा. त्या परगण्यानुसार दर काही वर्षांनी निघत, आणि लेस्टर विद्यापीठाने त्यांतल्या पुष्कळ स्कॅन करून खुल्या ठेवल्या आहेत. समजा एक वाणी १९०३ च्या अंकात नाही, १९०७ मध्ये आहे, १९११ मध्ये पुन्हा नाही. मग दुकान १९०३ ते १९११ मधलं. पुढे १९११ आणि १९२१ ची जनगणना पाहा. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ची झालीच नाही, तेव्हा त्या काळासाठी २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही हाच आधार.

परगण्याची हद्दही तपासा. १ एप्रिल १९७४ ला बॉर्नमथ हॅम्पशायरमधून डॉर्सेटमध्ये गेलं आणि अॅबिंग्डन बर्कशायरमधून ऑक्सफर्डशायरमध्ये. मिडलसेक्स १९६५ मध्येच विरलं. त्यामुळे जुनी कागदपत्रं जुन्या परगण्याच्या अभिलेखागारात असू शकतात.

आठवणी विचारताना

आठवणी शेवटी विचाराव्यात, म्हणजे हद्दी हातात असताना. चार ते सहा फोटो निवडा, ए-फोर आकारात छापा, टेबलावर एका वेळी एकच ठेवा आणि ध्वनिमुद्रक चालू करा. पाऊण तास पुरे. त्यानंतर म्हाताऱ्या माणसाला थकवा येतो आणि उत्तरं आखडतात. 'हे कोणत्या सालचं?' हा प्रश्न टाळा, कारण त्याला अंदाजच मिळतो. 'शाळेतून घरी येताना कोणत्या दारांवरून जायचात?' असं विचारा, की बोट फोटोवर फिरू लागतं: इथे बेकरी, ओव्हनमागच्या भिंतीला हिवाळ्यात पाठ टेकवायची, मग लोहाराचं अंगण, मग कुत्र्याचं घर. गप्प झाल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. उत्तम आठवण बऱ्याचदा त्या शांततेनंतर येते. सांगणाऱ्याचं जन्मसाल लिहा, म्हणजे पाहिलेलं कोणतं आणि आईकडून ऐकलेलं कोणतं ते वेगळं करता येईल. जिवंत माणसांची नावं पुढे छापायला परवानगी त्याच बैठकीत घ्या.

पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ घरांत १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटनमध्ये नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्यांचे अल्बम आहेत: लँकेशायरच्या गिरणीगावातली विटांची ओळीतली घरं, इस्पितळाबाहेर बर्फात उभे असलेले डॉक्टरकाका. हे फोटो त्या गावांच्या इतिहासाचाही भाग आहेत आणि तिथल्या संग्रहांत ते सहसा नसतात. मागे देवनागरीत दोन ओळी असतील तर त्या जशाच्या तशा उतरवा आणि इंग्रजी भाषांतर जोडा. त्या काळचे रंगीत प्रिंट लालसर होतात. रंग सुधारायचे ते स्कॅनच्या प्रतीवरच. पावसाळ्यात असे अल्बम बुरशी धरतात, म्हणून पीव्हीसीची पाकिटं काढून पॉलिएस्टरची घाला आणि खोका भिंतीला लागून ठेवू नका. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहिली तर उत्तम.

नोंद

फाइलचं नाव साल, परगणा, गाव, क्रमांक या क्रमाने. साल ठाम नसेल तर 'सु. १९०३–१९११' असं लिहा आणि पुढच्याच ओळीत कारण: 'रेघेचं कार्ड, टेकडीवर स्मारक नाही, वाण्याचं नाव १९०७ च्या निर्देशिकेत'. कारण लिहिलेलं असलं की पुढच्या माणसाला तुमची चूक दुरुस्त करता येते. छायाचित्रकाराच्या जागेचा राष्ट्रीय ग्रिड संदर्भ (ब्रिटिश नकाशांवर जागा दाखवणारी अक्षरं आणि आकडे) आणि कॅमेऱ्याची दिशाही टाका. मूळ फोटोमागे काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने.

प्रसिद्ध करण्याआधी हक्क पाहा. ब्रिटनमध्ये छायाचित्रकाराच्या मृत्यूच्या वर्षअखेरीपासून ७० वर्षं हक्क टिकतो. छायाचित्रकार अज्ञात असेल तर फोटो काढल्यापासून ७० वर्षं, आणि तेवढ्यात तो प्रसिद्ध झाला असेल तर प्रसिद्धीपासून ७०. कार्ड विकत घेतलं म्हणून हक्क मिळत नाही. परगण्याच्या अभिलेखागाराला स्कॅन देताना पुढची बाजू, मागची बाजू, नोंद आणि ध्वनिमुद्रण हे चारही एकाच फोल्डरमध्ये द्या. सुटं गेलेलं ध्वनिमुद्रण कोणत्या फोटोबद्दल आहे ते दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही.